बर्फ कशाने वितळतो? तापमान आणि हवेचा दाब

तम्मूझ महिना, ऐन उन्हाळा. अश्दोदच्या एका घरात मृत समुद्राला जायची तयारी चालली होती. आजोबांचे गुडघे दुखत असत, म्हणून दोन दिवस एन बोकेकला राहून खाऱ्या पाण्यात बसायचे ठरले होते. आजोबांना मधुमेह. त्यांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. आजीने बर्फाचा डबा धुऊन पुसून ठेवला होता. नववीत शिकणाऱ्या नातीने डब्यात डोकावून पाहिले.

"आजी, एवढा बर्फ पुरायचा नाही. मृत समुद्र समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे हवेचा दाब जास्त असतो. दाब वाढला की बर्फ लवकर वितळतो, शाळेत शिकवलंय आम्हाला."

"काहीतरीच!" आजोबा म्हणाले. "बर्फ वितळतो तो उन्हाने. दाबाचा इथे काय संबंध?"

"संबंध आहे, आजोबा. तुम्ही पुस्तक बघा."

आजी म्हणाली, "तुम्ही दोघं सावकाश भांडा. मला एवढंच सांगा, बर्फ किती घेऊ? ह्यांचं औषध वाया गेलं तर तिथे लगेच दुसरं कुठून आणायचं?"

नातीचे म्हणणे खरे होते आणि आजोबांचेही. पण कामाचा प्रश्न आजीचा होता: किती? या पाठात आपण तोच प्रश्न घेऊन बर्फाकडे पाहणार आहोत.

आधी शब्द नीट लावू

साखर पाण्यात विरघळते. बर्फ उष्णतेने वितळतो. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. वितळायला फक्त उष्णता पुरते. हिब्रूत या दोन्ही गोष्टींना 'नामेस' हा एकच शब्द चालतो. बर्फही नामेस आणि गरम पाण्यात टाकायची झटपट कॉफीही 'काफे नामेस'. त्यामुळे इथे वाढलेली मुले मराठीत "बर्फ विरघळला" असे सहज म्हणून जातात. घरच्या बोलण्यात ते चालून जाते, पण शास्त्राच्या पाठात वितळणे आणि विरघळणे वेगळे ठेवावे.

ज्या तापमानाला घन पदार्थ वितळून द्रव होतो, त्याला द्रवणांक म्हणतात. कोणाचे दुःख पाहून मन द्रवले असे आपण म्हणतो, त्यातला 'द्रव' आणि हा 'द्रव' एकच. नेहमीच्या हवेच्या दाबाला शुद्ध बर्फाचा द्रवणांक ० अंश सेल्सिअस आहे.

तापमान: ० अंशावर बर्फ थांबतो

घरच्या फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे १८ अंशांवर असतो. बाहेर काढला की तो आधी तापत तापत ० अंशापर्यंत येतो. येथवर पाण्याचा थेंबही सुटत नाही. ० अंशाला पोचल्यावर तो वितळू लागतो, आणि मग एक नवल दिसते. उष्णता येतच राहते, पण शेवटचा तुकडा वितळेपर्यंत नीट ढवळलेल्या बर्फ-पाण्याचे तापमान ० अंशाच्या वर जात नाही.

ही उष्णता जाते कुठे? ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवणारे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास याचा उलगडा केला. बर्फातले कण एकमेकांना घट्ट धरून असतात. ती पकड सोडवण्यात ही उष्णता खर्च होते, म्हणून ती थर्मामीटरवर दिसत नाही. तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

आता 'किती' ते पाहू. ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळून ० अंशाचे १ ग्रॅम पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. एवढ्याच उष्णतेत तेच १ ग्रॅम पाणी ० अंशापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. उणे १८ अंशांचा १ ग्रॅम बर्फ ० अंशापर्यंत आणायला मात्र सुमारे ९ कॅलरी पुरतात. म्हणजे बर्फाची राखण करणारे खरे बळ त्याच्या गारठ्यापेक्षा या ८० कॅलरींत आहे. आजीच्या डब्यातला २ किलो बर्फ नुसता वितळताना १,६०,००० कॅलरी शोषून घेतो आणि तोवर औषध थंड राहते.

याच गुणामुळे जुन्या काळी बर्फ समुद्रापार जाऊ शकला. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून 'तस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. प्रवास चार महिन्यांचा, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, आणि यंत्राने थंड करण्याची सोय नाही. तरी कलकत्त्याला सुमारे १०० टन बर्फ पोचला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. या व्यापारात बर्फ एकमेकांना चिकटवून रचत आणि भोवती लाकडाचा भुसा भरत. मुंबईत बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवे नाही. गोणपाट बर्फाला थंड करत नाही. बाहेरची उष्णता आत जाण्याची वाट अडवते.

वारा आणि दमटपणा

उष्णता बर्फापर्यंत कशी पोचते? थोडी उन्हाने, थोडी खालच्या भांड्यातून, आणि बरीचशी हवेतून. स्थिर हवेत बर्फाभोवती गार हवेचे पांघरूण तयार होते. वारा आला की ते उडून जाते आणि नवी गरम हवा बर्फाला येऊन भिडते. तेहिल्लीमच्या १४७ व्या अध्यायात, जो आपण रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतो, हिम आणि बर्फ यांचा उल्लेख आहे आणि वारा वाहिल्यावर पाणी वाहू लागते असेही सांगितले आहे. ज्याने बर्फाळ प्रदेशातला वसंत पाहिला आहे, त्याला ते लगेच पटेल.

हवेतली वाफही बर्फ वितळवते. थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटते, ते हवेतल्या वाफेचे. १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता सुटते, आणि ती सगळी बर्फाला मिळाली तर ७ ग्रॅमहून जास्त बर्फ वितळतो. कोरड्या हवेत उलट घडते. ओल्या बर्फावरचे थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. मातीच्या माठातले पाणी याच कारणाने गार होते, आणि म्हणूनच माठ कोकणातल्या दमट हवेपेक्षा देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात जास्त गार पाणी देतो. तेव्हा तापमान सारखे असेल, तर सावलीतला उघडा बर्फ अश्दोदच्या दमट किनाऱ्यावर लवकर वितळेल आणि नेगेवच्या कोरड्या हवेत थोडा जास्त टिकेल.

दाब: नातीचे म्हणणे खरे कसे?

पाणी गोठताना फुगते. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि काठोकाठ भरून बूच लावलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते. आता अशा बर्फावर दाब दिला तर? दाब त्याला कमी जागेत ढकलतो, आणि कमी जागेत राहायचे तर बर्फाला पाणी होणे सोयीचे. म्हणून दाबाखाली बर्फ ० अंशाच्या किंचित खालीच वितळतो.

जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये हे गणिताने मांडले. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले, यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो त्याला 'एक वातावरण' म्हणू. त्यांनी सुमारे १७ वातावरण दाब दिला, तेव्हा द्रवणांक एका अंश सेल्सिअसच्या साधारण आठव्या भागाने उतरला. आजच्या मोजमापाप्रमाणे एक वातावरण दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक सुमारे ०.००७४ अंशाने खाली येतो. पूर्ण एक अंश उतरवायचा तर सुमारे १३५ वातावरण दाब हवा.

सगळे पदार्थ असे वागत नाहीत. खोबरेल तेल पाहा. आपले पूर्वज कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. घाण्याचे तेल त्यांच्या रोजच्या हातातले. थंडीत, साधारण २४ अंशांच्या खाली, खोबरेल गोठते. पण गोठताना ते फुगत नाही, आकसते. अर्धवट थिजलेल्या तेलातला घट्ट भाग तळाशी बसतो. अशा पदार्थावर दाब दिला तर द्रवणांक उतरत नाही, चढतो. मेणाचेही तसेच. तेव्हा "दाब वाढला की पदार्थ लवकर वितळतो" हा नियम सगळ्यांचा नाही. तो बर्फाचा आणि बर्फासारख्या थोड्याच पदार्थांचा आहे.

मृत समुद्र आणि हेर्मोन: हिशेब

मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. तिथे हवेचा दाब अश्दोदपेक्षा सुमारे ५ टक्के जास्त असतो. मग बर्फाचा द्रवणांक किती उतरेल? ०.००७४ चे ५ टक्के, म्हणजे सुमारे ०.०००४ अंश. एका अंशाचे दहा हजार भाग केले, तर त्यातले चार.

आता हेर्मोनवर जाऊ. २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी असतो. तिथे द्रवणांक सुमारे ०.००१६ अंशाने चढतो. दहा हजार भागांपैकी सोळा. घरच्या थर्मामीटरवर यातले काहीच दिसणार नाही.

मग हेर्मोनवर बर्फ का टिकतो? थंडीमुळे. हवा डोंगरावर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. सरासरीने दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे २,००० मीटरवर सुमारे १३ अंशांनी. इथे दाबाचा हात आहे, पण तो तापमानामार्फत. उंचावर कमी दाब आणि थंडी या दोन गोष्टी जोडीने भेटतात. म्हणून एकीचे काम दुसरीच्या नावावर मांडण्याची चूक होते.

कोणी विचारेल, डोंगरावर पाणी लवकर उकळते, तो तर दाबाचाच परिणाम ना? होय, आणि तो मोठा आहे. २,००० मीटरवर पाणी सुमारे ९३ अंशांना उकळते आणि मृत समुद्राकाठी १०० च्या थोडे वर, सुमारे १०१ अंशांना. उकळण्यात आणि वितळण्यात एवढा फरक का? पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा घेते. बर्फाचे पाणी होताना मात्र जागा थोडीशीच बदलते. ज्या बदलात जागा फार बदलते, त्यावर दाबाचा जोर फार चालतो.

दाब खरोखर मोठा असेल तेव्हा

अंटार्क्टिकात रशियाच्या व्होस्तोक केंद्राखाली बर्फाचा थर जवळजवळ ४ किलोमीटर जाड आहे. त्याच्या तळाशी एक मोठे सरोवर आहे. वरच्या बर्फाचा दाब सुमारे ३५० वातावरण भरतो, आणि त्यामुळे तिथले पाणी उणे ३ अंशांच्या आसपास असूनही गोठत नाही. जमिनीच्या पोटातली ऊब खालून मिळते आणि वरचा जाड बर्फ ती धरून ठेवतो. तिथे दाबाचा परिणाम अंशांत मोजता येतो.

शाळेत दाखवतात तो तारेचा प्रयोगही दाबाचाच. बर्फाच्या लादीवर पातळ तांब्याची तार ठेवून दोन्ही टोकांना वजने टांगतात. तार हळूहळू बर्फातून खाली उतरते, पण लादीचे दोन तुकडे होत नाहीत. तारेखालचा बर्फ दाबाने वितळतो. ते पाणी तारेच्या वर येऊन दाबातून सुटले की पुन्हा गोठते. याला पुनर्हिमायन म्हणतात. वर गोठताना सुटलेली उष्णता तांब्यातून खाली जाते आणि खालचा बर्फ वितळवते. म्हणून तांब्याच्या तारेने जमते, नायलॉनच्या दोऱ्याने फार सावकाश. आणि हा प्रयोग ० अंशाजवळच्या ओल्या बर्फावरच नीट होतो, कारण तारेच्या दाबाने द्रवणांक अंशाच्या काही शतांशच उतरतो.

मुंबईचा गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती दाबून गोळा करतो, तेव्हा किसाच्या कणांवरचा पातळ ओला थर पुन्हा गोठून त्यांना जोडतो. दाबाने कण एकमेकांना भिडतात. अगदी कडक थंड, कोरड्या बर्फाचा असा गोळा होत नाही, तो भुरभुरतो.

स्केटिंगबद्दल मात्र एक जुना समज सोडायला हवा. "स्केटच्या दाबाने बर्फ वितळतो आणि माणूस घसरतो" असे पुष्कळ ठिकाणी शिकवले गेले. हिशेब करू. ६० किलोचा माणूस, पाते ३० सेंटीमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद. पात्याचा तळ ९ चौरस सेंटीमीटर. दाब साधारण साडेसहा वातावरण, आणि द्रवणांक उतरतो सुमारे ०.०५ अंशाने. पण स्केटिंग तर उणे १० अंशांच्या बर्फावरही छान होते. तेव्हा खरे काम घर्षणाच्या उष्णतेचे आणि बर्फाच्या पृष्ठभागावर आधीपासून असलेल्या सैल, निसरड्या थराचे आहे.

आणि हवा जवळजवळ काढूनच घेतली तर? हवेचा दाब नेहमीच्या सुमारे १६० व्या भागाहून खाली नेला, तर बर्फ वितळतच नाही, त्याची सरळ वाफ होते. काही प्रकारची काफे नामेस अशीच करतात: कॉफी गोठवायची, हवा काढून घ्यायची, आणि बर्फाची वाफ उडवून कोरडे दाणे मागे ठेवायचे.

डब्यात काय भरले?

नातीने हा हिशेब कागदावर मांडला. "आजी, दाबाचा फरक दहा हजारात चार. आजोबा म्हणतात तेच. पण दुपारी तिथे चाळिसाच्या आसपास तापमान असेल आणि बंद गाडीत त्याहून जास्त. बर्फ दुप्पट घे."

"मग माझंच खरं ना?" आजोबा म्हणाले.

"दोघांचंही. तुम्ही मात्र हिशेब केला नव्हता, आजोबा."

आजीने दोन किलोऐवजी चार किलो बर्फ घेतला, मोठ्या लाद्यांत. कारण तेवढ्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा लादीला बाहेरची हवा कमी लागते. इन्सुलिन पंचात गुंडाळून बर्फापासून वेगळे ठेवले. इन्सुलिन एकदा गोठले की निकामी होते. मग ते पुन्हा पातळ दिसले तरी वापरू नये. डबा डिकीत न ठेवता पायांशी सावलीत ठेवला, वर जाड चादर घातली आणि आत एक छोटा थर्मामीटर.

एन बोकेकला उतरल्यावर नातीने झाकण उघडले. तळाशी पाणी होते आणि त्यात बर्फाचे मोठे तुकडे तरंगत होते. औषधाशेजारचा थर्मामीटर ५ अंश दाखवत होता. बर्फ तरंगतो आहे तोवर घोर नाही, हे तिला आता माहीत होते.

कारण खरे असले तरी ते मोठे असतेच असे नाही. म्हणून "का?" विचारून झाल्यावर "किती?" हेही विचारावे.

घरी करून पाहा

१. फ्रीझरमधले सारख्या आकाराचे तीन बर्फाचे खडे घ्या. एक उघड्या बशीत, एक पंख्याच्या वाऱ्यात, एक जाड कापडात गुंडाळून ठेवा. प्रत्येकाला वितळायला किती मिनिटे लागली ते लिहा.

२. बर्फ-पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवा. अधूनमधून ढवळत दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. बर्फ संपल्यानंतर काय बदलते ते पाहा.

३. थंडीच्या दिवसांत खोबरेलाची बाटली पाहा. घट्ट भाग वर आहे की खाली? बर्फ आणि पाणी यांच्याशी तुलना करा.

प्रश्न

१. बर्फ वितळत असताना त्याचे तापमान का वाढत नाही?
२. दाबाचा परिणाम वितळण्यावर थोडा आणि उकळण्यावर जास्त का?
३. हेर्मोनवर बर्फ टिकण्यात हवेच्या कमी दाबाचा हात कोणत्या मार्गाने आहे?
४. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी घरी बर्फ कुठून येई, कशात ठेवत आणि किती वेळ टिके? उत्तर मराठीत दहा ओळींत लिहून आणा.

शब्दार्थ

द्रवणांक – घन पदार्थ वितळतो ते तापमान
अप्रकट उष्मा – तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता
पुनर्हिमायन – दाबाने वितळलेला बर्फ दाब सुटल्यावर पुन्हा गोठणे
गोणपाट – तागाचे जाड कापड
पंचा – अंग पुसायचे सुती कापड
देश – सह्याद्रीच्या पूर्वेचा, घाटावरचा मुलूख